बॉनेटवरचं कुंकू

आईच्या हातात काठी होती आणि ती कावळ्यांना शिव्या घालत होती. मी रिक्षातून उतरले ते हे बघतच. दारासमोर मोतिया रंगाची फियाट उभी होती, नुकतीच न्हाऊन आल्यासारखी. शेजारी लाकडी स्टुलावर आई, उन्हासाठी डोक्यावर पदर घेतलेला आणि नजर वर कडुनिंबाच्या फांद्यांवर. मी जवळ येतेय म्हटल्यावर तिनं काठी माझ्याकडे वळवली.

"तिकडनं ये शालन, लांबनं. पिशवी घासशील गाडीला."

नवरात्रासाठी माहेरी आलेल्या लेकीचं हे स्वागत. मी पिशव्या छातीशी धरून भिंतीच्या कडेनं घरात गेले.

आनंददादाचा सांगलीत सिमेंटचा धंदा होता. चांगला चालला होता आणि तो चांगला चाललाय हे लोकांना दिसावं असं त्याला फार वाटायचं. त्यासाठी त्यानं एका डॉक्टरांची जुनी फियाट घेतली होती. मूळचा रंग शेवाळी होता. तो खरवडून, पत्रा ठोकून सरळ करून मिरजेच्या पेंटरनं तिला हा मोतिया रंग दिला होता, आणि रंगाबरोबर नियमांची एक माळही दिली होती. रंग वरून वाळलेला दिसला तरी आतून कच्चा असतो म्हणे. त्यामुळे महिनाभर पॉलिश नाही, साबण नाही, कव्हर तर अजिबात नाही. नुसत्या गार पाण्यानं धुवायची, तीही सावलीत. पुसायला मऊ फ्लॅनेलचं कापड, आणि ते वरून खाली सरळ ओढायचं, गोल फिरवायचं नाही. पाखरानं घाण टाकली तर तिथल्या तिथं ओल्या कापडानं उचलायची, नाहीतर रंग ती पिऊन टाकतो.

दादा हे सगळं जेवताना सांगायचा, पुन्हा पुन्हा सांगायचा. आम्ही भावंडं तापानं फणफणायचो तेव्हा बाबांनीही औषधाच्या वेळा इतक्या काळजीनं सांगितल्या नसतील. कव्हर चालत नाही आणि वर कडुनिंबावर कावळ्यांची वस्ती, म्हणून राखणीला कोणीतरी हवं होतं. प्रमिलावहिनीला घरातलं काम होतं. आई रिकामी होती. म्हणजे दादाच्या मते होती.

"ऊन लागतंय तुला. आत ये," मी तिला म्हणाले.

"बसल्या जागी काय लागतंय? त्याला तेवढंच बरं वाटतं. कधी न्हवं ते मला काम सांगितलंय त्यानं," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात खरंच कौतुक होतं. मला राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

त्याच दिवशी दादानं मला बाजूला घेऊन विषय काढला. गाडीच्या डोक्यावर छप्पर हवं. दारात मांडव घातला तर नगरपालिका बोलेल. जागा एकच, रस्त्याकडची खोली. त्या खोलीत पूर्वी बाबांची पिठाची गिरण होती. दार मोठं, बैलगाडीतून पोती थेट आत यायची. गिरण बाबांच्या आजारपणात विकली आणि बाबा गेल्यापासून आई तिथं झोपायची. भिंतीच्या फटीतून तेव्हाही अधूनमधून पीठ गळायचं, आणि आई ते बोटानं टिपून बघायची, गव्हाचं की ज्वारीचं.

"थोडे दिवस तुझ्याकडं ने की तिला, विट्याला. हवापालट होईल," दादा म्हणाला.

मी म्हटलं, माझी हरकत नाही, पण तिला विचार. त्यानं आधीच विचारलं होतं. आईनं सांगितलं होतं, की या खोलीतनं मला उचलूनच न्या, चालत मी जात नाही. यावर जबरदस्ती करायची दादाला सोय नव्हती. गाडीसाठी आईला बापाच्या खोलीतून काढलं असं गल्लीत बोललं गेलं असतं, तर त्या मोतिया रंगाची सगळी शोभा गेली असती. माझ्याशी बोलताना तो सारखा नखानं दाराची चौकट खरवडत होता. मला वाटलं, विषय संपला.

आईची एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. बाबा गेल्यावर आईनं कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. कोणी तिच्यावर ती सक्ती केली नव्हती, उलट मी तिच्याशी यावरून भांडलेही होते. पण तिचं ठरलेलं होतं. देवांची पूजा ती करायची, गंध उगाळायची, फुलं वाहायची, आणि मग हाक मारायची, "प्रमिला, देवास्नी कुंकू लाव गं." सवाष्ण दारात आली की वहिनीलाच पुढे करायची. करंडा वाटेत आला तर पदरानं सरकवायची. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, गड्यामाणसांनासुद्धा.

खंडेनवमीला आमच्याकडे आधी गिरणीची पूजा व्हायची, आता दुकानातला तराजू, फावडी, आणि या वर्षी पहिल्यांदा गाडी. आदल्या दिवशी दादानं बजावलं. गाडीला हळद-कुंकू लावायचं नाही, हार घालायचा नाही, झेंडूचा चीक बसतो. नारळ लांब उंबऱ्यावर फोडायचा. गाडीच्या पुढच्या चाकाशी एक फूल ठेवायचं आणि लांबनं हात जोडायचे. वहिनीचा चेहरा उतरला. तिच्या माहेरी ट्रक होते. एका वर्षी घाईगडबडीत एका ट्रकची पूजा राहिली आणि त्याच वर्षी त्या ट्रकखाली तिचा चुलतभाऊ गेला, हे ती प्रत्येक खंडेनवमीला सांगायची. त्या दिवशीही तिनं सांगायला सुरुवात केली. दादानं तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ती गप्प झाली.

त्याच्या बघण्याला ती का भ्यायची, तेही सांगते. वर्षभरापूर्वी तिच्या हातून दुकानाच्या किल्ल्या हरवल्या होत्या. त्यानंतर मी माहेरी आले तेव्हा तिच्या मनगटाला चिंधी बांधलेली होती. बांगडी फुटून आत गेली होती. कशी फुटली ते तिनं सांगितलं नाही. आईनं सांगितलं, आणि हेही सांगितलं की वहिनीच्या वडिलांनी निरोप पाठवलाय, पुन्हा भांडून आलीस तर दार उघडणार नाही.

खंडेनवमीच्या सकाळी मी स्वयंपाकघरात खोबरं किसत होते. दादा अंघोळीला गेला होता. बाहेर झाडलेल्या अंगणात रांगोळी पडली होती, दुकानातले हमाल नवे सदरे घालून प्रसादासाठी जमले होते, समोरच्या कुंभोजकरमामी त्यांच्या दारात उभ्या होत्या. मला दादाचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण तो आवाज ऐकून मी हातातली खोबऱ्याची वाटी खाली ठेवली.

मी बाहेर आले. दादा ओल्या अंगानं, कमरेला पंचा गुंडाळून गाडीपुढे उभा होता. बॉनेटवर, बरोबर मधोमध, ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं होतं. नंतर कोणीतरी ते पुसायचाही प्रयत्न केला होता. त्यामुळे त्या मोतिया रंगावर तळहाताएवढा गुलाबी डाग पसरला होता. दादा ओल्या फ्लॅनेलनं तो टिपत होता आणि डाग निघत नव्हता.

पायरीवर वहिनी उभी होती. पदर तिनं मुठीत चुरगळून पाठीमागे धरला होता, पण त्याचं लाल झालेलं टोक मला दिसलं. काय घडलं ते तेवढ्यावरून कळत होतं. तो अंघोळीला गेल्यावर तिनं पटकन स्वस्तिक काढायचं आणि तो यायच्या आत पुसून टाकायचं ठरवलं असणार. देवाला पोचलं असतं आणि नवऱ्याला कळलं नसतं. कच्चा रंग कुंकू पितो, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

"कुणी केलं हे?" दादानं विचारलं. आता त्याचा आवाज खाली आला होता. तो खाली आला की जास्त भीती वाटायची.

वहिनीच्या ओठांची हालचाल झाली. तेवढ्यात स्टुलावरून आई उठली. काठी तिनं भिंतीला टेकवली.

"मी लावलं," ती म्हणाली.

मी आईच्या हातांकडे बघितलं. ते कोरडे होते, स्वच्छ होते. बोटाच्या टोकालासुद्धा लाल काही नव्हतं. दादाही बघत होता. आधी तिच्या हातांकडे, मग वहिनीकडे, मग पुन्हा आईकडे. मला वाटलं आता तो वहिनीवर जाणार, आणि मी दोघांच्या मध्ये जायला पायरी उतरले.

तो आईसमोर जाऊन उभा राहिला.

"विधवा बाई तू. नव्या गाडीला कुंकू लावतेस? सणाच्या दिवशी?"

"चुकलं बाबा," आई म्हणाली.

"बाबांना घालवलंस. आता मला घालवायचंय?"

हमालांनी माना खाली घातल्या. कुंभोजकरमामी दारातून आत सरकल्या, पण पडद्यामागे त्या उभ्या होत्या हे दिसत होतं. मी दादाला म्हणाले, तोंड सांभाळ. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तो आईशीच बोलत राहिला. असल्या अपशकुनी हातांची आपल्याला भीती वाटते, घरात आपल्या लहान मुली आहेत, आजपासून आपण हिच्याबरोबर एका छपराखाली राहू शकत नाही. शालन आलीच आहे, तिनं हिला घेऊन जावं.

मी वहिनीकडे बघत होते. एक शब्द बोलली असती तर सगळं तिथंच थांबलं असतं. ती बोलली नाही. पदर मुठीत धरून ती आत गेली आणि मोरीत पाणी सोडल्याचा आवाज आला.

आईनं सामान बांधायला वेळ लावला नाही. दोन लुगडी, पोथी, बाबांचा चष्मा. निघताना तिनं गिरणीच्या खोलीला कडी घातली, आणि मग कडी काढून दार नुसतं लोटून ठेवलं. तिच्या हिशेबानं चार दिवसांत परत यायचं होतं ना. गाडी दारातच उभी होती. आम्ही रिक्षानं स्टँडवर गेलो.

एसटीत मी वहिनीला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आईनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "त्या पोरीला जायला दुसरं घर न्हाई. मला तुझं तरी हाय."

"आणि तो तुला काय बोलला ते?"

"रागात बोलला. त्याला काय म्हाईत? त्याला वाटलं मीच लावलं. खरं कळलं की हातापाया पडत येईल."

विट्याला आमच्या घरी तिला कशाची कमी नव्हती. आमचे हे तालुका कचेरीत होते, स्वभावानं गरीब. सासूला त्यांनी खिडकीजवळची जागा दिली, पेपर आधी तिच्या हातात देऊ लागले. पण लेकीच्या घरी आई पोटभर जेवायची नाही. भाकरी अर्धी मोडायची आणि उरलेली माझ्या ताटात सरकवायची. शेजारच्या घोरपडेबाईंना पहिल्या दिवशी सांगितलं, चार दिवसांसाठी आलेय. पुढच्या आठवड्यातही तेच सांगितलं. घोरपडेबाईंनी मग विचारणं सोडलं.

मी पत्र लिहून दादाला खरं कळवते म्हटलं तर तिनं मला देवाची शपथ घातली. लगेच कळवलं तर त्या पोरीचं काय होईल? राग निवू दे. रंगाचा महिना संपू दे, डाग निघू दे. तोवर दिवाळी आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तिनं स्वतः अनारसे तळले, दादाला आवडतात म्हणून, आणि डब्यात भरताना मला म्हणाली, "आता सांग त्याला. हळू सांग. प्रमिलेला बोलायचं न्हाई, अशी आधी माझी आण घाल, आणि मग सांग."

मी सांगलीला गेले. गल्लीच्या तोंडाशीच मला काहीतरी वेगळं दिसलं. गिरणीच्या खोलीचं दार काढून तिथं निळं शटर बसवलं होतं. शटर वर ओढलेलं होतं आणि आत, आईची खाट असायची तिथं, गाडी उभी होती. भिंती धुऊन चुना दिला होता. दादा हातात फ्लॅनेल घेऊन बॉनेटवर वाकला होता. महिना संपला होता, आता पॉलिश चालत होतं.

"ये. बघ, तोंड दिसतं आता," तो म्हणाला.

खरंच दिसत होतं. डागाचा मागमूस नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, पेंटरनं दसऱ्यानंतर येऊन घासून दिला, अर्ध्या तासाचं काम होतं.

मी अनारशांचा डबा हातात धरूनच उभी होते. वहिनी आत होती. मी आवाज खाली ठेवला आणि आधी त्याला आईची आण घातली, की जे सांगेन त्यावरून वहिनीला एक शब्द बोलायचा नाही. तो हसला. बरं म्हणाला.

"ते कुंकू आईनं लावलं नव्हतं."

"माहीत आहे," दादा म्हणाला. त्याचा हात थांबला नाही.

मला वाटलं त्याला वहिनीनं सांगितलं असेल. मी तसं विचारलं.

"ती कशाला सांगतेय? तिचा पदर दिसत होता की. आणि आई कुंकवाला हात लावेल होय, शालन? मी काय आज बघतोय तिला?"

"म्हणजे तेव्हाच माहीत होतं तुला?"

"ती म्हणाली मी लावलं. मी तिला म्हण म्हणून सांगितलं नव्हतं." त्यानं कापडाची घडी उलटी केली. "तुझ्याकडं बरी आहे ना? मग झालं तर. तिथं टेकू नकोस, पॉलिश वाळायचंय."

मी डबा खाली ठेवला. तिथंच त्याला जाब विचारायला हवा होता असं कोणी म्हणेल. मला त्या क्षणी एवढंच कळत होतं, की मी रस्ताभर ज्या बाईला शिव्याशाप दिले ती नुसती भित्री होती, आणि जो रागात बोलला असं आम्ही धरलं होतं तो माझा भाऊ रागात नव्हताच.

वहिनीनं पाट मांडला, ताट माझ्या हातात दिलं, वर बघितलं नाही. मी ओवाळलं. दादानं ओवाळणीत साडी घातली, भारीतली होती. स्टँडवर गाडीनं सोडतो म्हणाला. मी चालत गेले, आणि साडी स्टँडवरच्या झाडूवालीला दिली.

एसटीत मी सगळं वाक्यात बसवून बघत होते. त्याला ठाऊक होतं. सुरुवातीपासून ठाऊक होतं. त्याला खोली हवी होती, आणि तू ती त्याच्या हातात ठेवलीस. यातलं कुठलंच वाक्य मला आईसमोर उभं करता येईना. विट्याला उतरले तेव्हा ती दारातच बसली होती. पोथी मांडीवर, पण मिटलेली.

"सांगितलंस?"

"नाही जमलं," मी म्हणाले. "पाहुणे होते घरात. एकटा सापडलाच नाही."

तिचा चेहरा आधी उजळला. तो खरं कळूनही आला नाही असं नव्हतं ना. त्याला अजून कळलंच नव्हतं. मग तिला माझा राग आला. एवढ्या लांब गेलीस, दिवसभर राहिलीस, आणि एक वाक्य बोलायला सवड मिळाली नाही? मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगेन. शटरचं काही बोलले नाही.

पुढची वेळ येत गेली आणि मी दर वेळी काहीतरी कारण सांगत गेले. शेवटी आईनं विचारणं सोडलं, पण माझ्यावरचा राग सोडला नाही. मला तिला ठेवून घ्यायचंय, तिची सोबत हवीय, म्हणून मी तिच्या मुलाला खरं कळू देत नाही, असं तिनं मनाशी धरलं. ती ते लपवायचीही नाही. आजारी पडली, अंथरुणाला खिळली, मी तिला भरवायची, तेव्हाही ती घास गिळून तोंड भिंतीकडे फिरवायची. दादा मनीऑर्डर पाठवायचा, आला मात्र कधी नाही. आई ती कूपनं उशाखाली ठेवायची.

शेवटच्या दिवसांत घोरपडेबाई तिला बघायला आल्या. माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, मुलगा येऊन गेला का.

आईनं त्यांचा हात धरला आणि सावकाश, माझ्याकडे बोट करून सांगितलं, "पोरगा माझा वाईट न्हाई हो. हिनं त्याला खरं सांगितलंच न्हाई."

घोरपडेबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेले.